मुंबईचं अन्न आणि हवामानबदल: प्रबंधाचा विषय कसा आवळावा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी.चं दुसरं वर्ष, हातात पाच-सहा महिने, विषय ‘मुंबईतील शाश्वत अन्नव्यवस्था आणि हवामानबदल’, आणि बेत असा की दोनशे लोकांना गूगल फॉर्म पाठवून त्यांची जागरूकता तपासायची. मार्गदर्शक म्हणतात विषय फार पसरट आहे, तर तो कसा आवळायचा?

आवळायचा तर फॉर्मपासूनच सुरुवात करा, म्हणजे तो काढून टाका. जागरूकतेच्या फॉर्ममधून काय निघणार ते पाठवण्याआधीच ठाऊक असतं. शिकलेले जास्त जागरूक, सेंद्रिय सगळ्यांनाच हवंय, पण महाग पडतं म्हणून कुणी घेत नाही. परीक्षक म्हणून असे प्रबंध समोर आले की मी सरळ शेवटचं पान उघडतो. लोकांना काय वाटतं ते सोडा. एक जिन्नस धरा, तो शेतापासून कचऱ्यापर्यंत कुठून कुठे जातो ते बघा, आणि ज्या टप्प्यावर खरा धूर, म्हणजे हरितगृह वायू, निघतो तिथे काटा घेऊन उभे राहा.

त्याआधी शीर्षकातली एक गाठ सोडवून घ्या. अन्नामुळे हवामान किती बिघडतं हा एक प्रश्न, आणि बिघडलेल्या हवामानामुळे अन्नाचं काय होतं हा दुसरा. दोन्हींची साधनं वेगळी, आकडे वेगळे, वाचायचं साहित्यही वेगळं. सहा महिन्यांत दोन्ही धराल तर एकही धड होणार नाही.

‘स्थानिक खा, उत्सर्जन टाळा’ हे वाक्य तुमच्या आराखड्यात गृहीतच धरलेलं दिसतं. ते जरा तपासू. चार माणसांच्या घरात महिन्याला दहा किलो कोलम लागतो असं धरा. तो पार गोंदिया-चंद्रपूरकडून, म्हणजे साधारण हजार किलोमीटरवरून आला. ट्रकने एक टन माल एक किलोमीटर नेला की ढोबळमानाने १०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड सुटतो. दहा किलोच्या वाट्याला आला १ किलो. ट्रक रिकामा परतला असं धरलं तरी २. आता पूअर आणि नेमेचेक यांचा ‘सायन्स’मधला २०१८ चा निबंध काढा (११९ देश, सुमारे ३८,७०० शेतं). त्यात तांदळाचा आकडा शेतापासून दुकानापर्यंत मिळून किलोमागे सुमारे ४ किलो आहे. त्यातला मोठा वाटा शेतातल्या मिथेनचा, कार्बन डायऑक्साइडच्या भाषेत बदलून घेतलेला. म्हणजे दहा किलोला ४०. शिवाय गॅस: १४.२ किलोचा सिलिंडर पूर्ण जळला की ४२ किलोच्या आसपास. तेव्हा तांदूळ कर्जतचा आहे की गोंदियाचा, यापेक्षा तुम्ही तो कुकरला लावता की उघड्या पातेल्यात रटरटवता, हा प्रश्न जास्त कामाचा. विमानाने येणाऱ्या फळांची गोष्ट निराळी. तिथे टन-किलोमीटरमागचा आकडा ट्रकच्या दहापट होतो.

यावर तुमचे मार्गदर्शक २०२२ चा ‘नेचर फूड’मधला ली आणि सहकाऱ्यांचा निबंध पुढे करतील. त्यात वाहतुकीचा वाटा अन्नाच्या एकूण उत्सर्जनाच्या जवळजवळ एक पंचमांश निघालाय, तर पूअर-नेमेचेककडे तो ६ टक्क्यांच्या आसपास आहे. चुकलेलं कुणीच नाही. लींनी खतं आणि यंत्रं शेतापर्यंत पोचवण्याची वाहतूकही धरली, हिशेबाची सीमाच वेगळी आखली. प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणात तुम्ही तुमची सीमा स्पष्ट लिहिलीत की तोंडी परीक्षेतली अर्धी लढाई तिथेच संपते.

मग भातच का घेऊ नये? मोह होतो खरा. पाणी साचलेल्या चिखलात प्राणवायू पोचत नाही, तिथले सूक्ष्मजीव मिथेन तयार करतात आणि तो रोपाच्या पोकळ दांड्यातून वर येतो. फिलिपिन्सच्या ‘इरी’ या भातसंशोधन संस्थेने पुढे आणलेला उपाय असा: भोकं पाडलेली नळी शेतात रोवायची आणि पाण्याची पातळी जमिनीखाली १५ सेंटिमीटर उतरली की मगच पुन्हा पाणी द्यायचं. पाणी देणं-तोडणं हातात असेल तिथे हे उत्तम. पण जुलैत कर्जत-मुरबाडकडे वरच्या खाचरातलं पाणी बांध फोडून खालच्या खाचरात उतरत असतं, तिथे नळी रोवून करणार काय? त्यापेक्षा नेरळजवळ सगुणा बागेत शेखर भडसावळे यांनी बसवलेली एसआरटी (सगुणा राईस टेक्निक) ही भातलागवडीची पद्धत जाऊन बघा. कायमचे गादीवाफे, नांगरट नाही, चिखलणी नाही, लावणी नाही, आधीच्या पिकाची मुळं जमिनीतच ठेवायची. आपल्या पावसात उभी राहिलेली पद्धत आहे आणि कर्जत लोकलने गाठता येते. मात्र मिथेन प्रत्यक्ष मोजायला बंद पेट्या, गॅस क्रोमॅटोग्राफ आणि अख्खा खरीप लागतो. ते पीएच.डी.वाल्यांना करू द्या. तुम्हाला जमेल ते डिझेल, मजुरी आणि बियाण्याची दोन पद्धतींतली तुलना. तेही वाईट नाही, पण मग प्रबंध मुंबईचा राहत नाही.

माझं मत विचाराल तर भाजी घ्या, आणि भाजीतही फ्लॉवर आणि मेथी. कारण सांगतो. ओला अन्नकचरा डंपिंगवर गेला तर किती मिथेन होईल याचे गुणक आयपीसीसीच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या, मार्गदर्शिकेत तयार आहेत. कुजण्याजोगा कार्बन वजनाच्या १५ टक्के, त्यातला अर्धा प्रत्यक्षात कुजतो, निघालेल्या वायूत अर्धं मिथेन, आणि कार्बनचं मिथेन करताना १६ भागिले १२ ने गुणायचं. किलोभर कचऱ्याला ५० ग्रॅम मिथेन आलं. मिथेनची तापवण्याची ताकद शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या २८ पट धरली तर १.४ किलो. आता फ्लॉवर-कोबी पिकवून दुकानात आणायचा आकडा बघा: किलोमागे अर्ध्या किलोच्या आसपास. भाजी पिकवण्यापेक्षा ती कुजवणं हवामानाला जवळजवळ तिप्पट महाग! तांदळाचा धूर शेतात, भाजीचा डंपिंगवर. वाशी मार्केटचा टेम्पो दोन्हीकडे किरकोळच.

हे ५० ग्रॅम डोळे मिटून वापरू नका मात्र. ते नीट रचलेल्या, हवा न शिरणाऱ्या भरावाचं गणित आहे. खोल पण बेशिस्त ढिगाला आयपीसीसी ०.८ ने गुणायला सांगते. देवनारचा १९२७ पासूनचा डोंगर या वर्गात बसतो. कांजूरमार्गला बायोरिअॅक्टर पद्धत आहे, म्हणजे कचरा बंदिस्त भरावात मुद्दाम लवकर कुजवतात आणि वायू पकडला जातो, म्हणून पकडलेला भाग वजा करायला हवा. आपल्या वॉर्डाचा कचरा कुठे जातो हे आधी वॉर्ड कार्यालयात विचारा.

मोजायचं कसं? पहाटे दादरला पुलाखाली उभे राहा. फ्लॉवरची गोणी सुटली की विक्रेता सुरीने बाहेरचा पाला उडवतो, दांडा आखूड करतो आणि गड्डा पाटीत ठेवतो. तो पाला, दांडे आणि गड्डे वेगवेगळे तोला. हुकाचा इलेक्ट्रॉनिक काटा पुरतो. मेथी-कोथिंबीर किलोवर विकतच नाहीत, जुडीवर विकतात, आणि पावसाळ्यात जुडीत मुळं-चिखलच जास्त असतो. म्हणून जुडी सोडून खायचा भाग, मुळं आणि पिवळा पाला असे तीन ढीग करा. पाणी मारायच्या आधीच तोला, नाहीतर तुम्ही पाण्याचंच वजन लिहून आणाल. आणि उडवलेला पाला पुढे जातो कुठे, ते विचाराच. तबेल्यात गेला तर तो चारा, घंटागाडीत गेला तर कचरा. पालिकेच्या एकूण कचऱ्याच्या आकड्यात हा फरक दिसत नाही.

बाजाराला जोडून दहा-बारा घरं घ्या आणि आठवडाभराचा ओला कचरा दोन डब्यांत टाकायला सांगा: सालं-देठं एकात, नासलेलं आणि उरलेलं दुसऱ्यात. यूएनईपीच्या (संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरण कार्यक्रम) २०२४ च्या अहवालात २०२२ साली जगात १.०५ अब्ज टन अन्न वाया गेल्याचं दिलंय, त्यातलं ६० टक्के घराघरांतून. तो आकडा सगळे उचलतात, पण त्यात सालं, हाडं, बिया अशा न खाण्याच्या गोष्टीही धरलेल्या आहेत हे कुणी सांगत नाही. तुमचे दोन डबे इथे उपयोगी पडतील. फ्लॉवरचा कोवळा पाला कुठल्या डब्यात टाकायचा ते मात्र आधी ठरवा. आमच्याकडे त्याची भाजी होते, शेजारी होत नाही.

आणखी एक बाजू जोडता येईल. २० हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या किंवा दिवसाला १०० किलोहून जास्त कचरा करणाऱ्या सोसायट्यांनी ओला कचरा आवारातच जिरवावा असा पालिकेचा २०१७ पासूनचा नियम आहे. खत करणारी एक सोसायटी आणि न करणारी एक, एवढी तुलना पुष्कळ झाली. ट्रॉम्बेच्या बीएआरसीने (भाभा अणुसंशोधन केंद्राने) विकसित केलेला निसर्गऋण बायोगॅस प्रकल्प जवळपास कुठे चालू असेल तर तोही बघा.

तुम्हाला दुसरा प्रश्न, म्हणजे हवामानाचा अन्नावरचा परिणाम, जास्त जवळचा वाटत असेल तर बोंबील घ्या. वर्सोवा, मढ, गोराईला बोंबील जोडीजोडीने तोंडात तोंड अडकवून बांबूवर वाळत घालतात. त्याला सलग कोरडं ऊन लागतं. नोव्हेंबर-डिसेंबरात अवकाळी सर आली की अख्खा माल काळा पडतो. कुलाबा आणि सांताक्रूझ या दोन्ही वेधशाळांच्या पावसाच्या नोंदींतून ऑक्टोबर ते मे मधले ओले दिवस काढा आणि कोळणींकडून त्या-त्या वर्षाच्या सुकवणीची हकीकत घ्या. २०२१ च्या मे मधलं तौक्ते वादळ सगळ्यांच्या लक्षात आहे, तिथून बोलणं सुरू करा. वर्सोव्याला सीआयएफई ही मत्स्यशिक्षणाची केंद्रीय संस्था आहेच, तिथल्या ग्रंथालयात एक दिवस बसा.

शाकाहार-मांसाहाराचा मुद्दा तुम्ही विचारलाय म्हणून एवढंच: मुंबईतल्या शाकाहारी घरात रोज दीड लिटर दूध येत असेल, तर जागतिक सरासरीने महिन्याचा आकडा १३५ किलोच्या घरात जातो, तांदळाच्या तिप्पट. पण आपल्याकडची म्हैस दूध देते, शेणही देते. उत्सर्जन दोघांत कसं वाटायचं यावर तज्ज्ञांचंच एकमत नाही. या वाटेला जाऊ नका. मार्गदर्शकांच्या डब्यात काय असतं यावर गुण ठरतील.

हंगाम एप्रिल-मे आणि जुलै-ऑगस्ट असे दोन धरा. उन्हाने सुकलेली भाजी आणि पावसाने सडलेली भाजी यांचा कचरा वेगळा असतो. कॉलेजचं पत्र मराठीत घ्या. काटा आणि वही घेऊन उभं राहिलेला माणूस बाजारात पालिकेचाच वाटतो आणि दंडाच्या धास्तीने पाला लगेच दुसऱ्याच्या गाळ्यापुढे सरकतो. पहिले काही दिवस नुसती भाजी घ्या, चहा घ्या, ओळख करा. मापाडी आणि हमालांशी बोला, गोणीत किती माल नासका निघतो ते मालकापेक्षा त्यांना नेमकं माहीत असतं.