'इव्हँजेलिकल'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आला आहे: अमेरिकेतल्या निवडणुकांच्या बातम्यांत 'इव्हँजेलिकल मतदार' सारखे भेटतात. मराठीत त्यांना कोणी 'धर्मप्रचारक' म्हणतं, कोणी 'सुवार्तावादी', कोणी 'मूलतत्त्ववादी', तर कोणी सरळ 'कट्टर ख्रिस्ती' लिहून मोकळं होतं. यांतलं बरोबर कोणतं?

माझं मत आधीच सांगून टाकतो. 'धर्मप्रचारक' साफ चूक आहे, बाकीचे तीन अर्धवट आहेत, आणि शब्द आहे तसाच ठेवलेला बरा.

'धर्मप्रचारक' ही चूक दोन शब्दांच्या गल्लतीतून होते. इव्हँजेलिस्ट म्हणजे प्रचार करणारा. मराठी बायबलात त्याला 'सुवार्तिक' असा नेटका शब्द आहे. मोठमोठ्या सभा घेणारे अमेरिकन प्रवचनकार बिली ग्रॅहम इव्हँजेलिस्ट होते. त्यांचं प्रवचन ऐकायला आलेला विमा एजंट किंवा शाळामास्तर हा इव्हँजेलिकल. 'धर्मप्रचारक मतदारांचा कौल' असं वाचलं की मतदान केंद्रावर पाद्र्यांची रांग लागल्याचं चित्र उभं राहतं!

'सुवार्तावादी' व्युत्पत्तीला धरून आहे. मूळ ग्रीक 'एव्हांगेलिऑन' म्हणजे चांगली बातमी, आपल्याकडची सुवार्ता किंवा शुभवर्तमान. ल्यूथरच्या अनुयायांनी हे विशेषण स्वतःला लावून घेतलं आणि जर्मनीत 'एव्हांगेलिश' म्हणजे आजही नुसतं प्रोटेस्टंट. पण मराठीत 'सुवार्ता' हा सगळ्याच ख्रिस्ती लोकांचा शब्द आहे. वसईच्या कॅथलिकांच्या मासिकाचं नावच 'सुवार्ता' आहे. मग 'सुवार्तावादी' म्हटल्यावर अमेरिकेतला एक विशिष्ट गट डोळ्यांपुढे यावा कसा?

तो गट ओळखायचा तर १७३०-४० च्या दशकांत जावं लागतं. मॅसॅच्युसेट्समध्ये जोनाथन एडवर्ड्स आणि इंग्लंडहून आलेला जॉर्ज व्हाइटफील्ड यांच्या प्रवचनांनी अमेरिकेतल्या ब्रिटिश वसाहती ढवळून निघाल्या. व्हाइटफील्ड उघड्यावर बोलायचा. फिलाडेल्फियात बेंजामिन फ्रँकलिन त्याचा आवाज कुठवर पोहोचतो ते पाहायला रस्त्याने मागे मागे चालत गेला आणि तीस हजारांहून जास्त माणसं त्याला ऐकू शकतील असा हिशेब त्याने मांडला. फ्रँकलिन काही भाविक नव्हे, पण त्यानेही वर्गणीच्या ताटात खिसा रिकामा केला होता. या प्रवचनांचा गाभा एवढाच: तुझा बाप चर्चचा सभासद होता, लहानपणी तुझा बाप्तिस्मा झाला, एवढ्याने भागत नाही. पापाची जाणीव, पश्चात्ताप आणि ख्रिस्ताला शरण जाणं हे तुझ्या स्वतःच्या आयुष्यात घडायला हवं. योहानाच्या शुभवर्तमानात येशू निकदेमाला सांगतो तो हा 'नवा जन्म'. (कृपा करून याला 'पुनर्जन्म' लिहू नका. १९७६ साली राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार जिमी कार्टर आपण 'बॉर्न अगेन' असल्याचं सांगत होते, ते मागच्या जन्मीच्या आठवणी सांगत नव्हते.)

म्हणजे इव्हँजेलिकल हा पंथ नव्हे. बॅप्टिस्ट, मेथडिस्ट, प्रेस्बिटेरियन अशा अनेक पंथांतून आडवी जाणारी ती एक श्रद्धेची रीत आहे. आपल्याकडे माळ घालून वारकरी होणं हे जसं जातीत किंवा गावात जन्मल्याने आपोआप होत नाही, ती माळ माणूस ठरवून घालतो, तसं काहीसं. फरक असा की वारकऱ्याला अमक्या दिवशी आपण बदललो अशी साक्ष द्यावी लागत नाही. इव्हँजेलिकल सभेत ती साक्ष हाच कार्यक्रमाचा कळस असतो.

ही रीत अमेरिकेतच एवढी का फोफावली? माझ्या मते याचं सर्वात मोठं कारण कायद्यात आहे. १७९१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने संघराज्याला अधिकृत धर्म ठेवायची बंदी घातली. राज्यांतली करावर पोसलेली चर्चही एकेक करून सुटी झाली, कनेक्टिकटमध्ये १८१८ साली आणि सर्वात शेवटी मॅसॅच्युसेट्समध्ये १८३३ साली. सरकारी अनुदान बंद झाल्यावर माणसं जमवायची जबाबदारी प्रवचनकारावर आली. मेथडिस्टांचे प्रवचनकार घोड्यावरून वस्त्या-वस्त्या फिरायचे. केंटकीतल्या केन रिजला १८०१ साली हजारो लोक तंबू ठोकून दिवसचे दिवस राहिले. १८५० पर्यंत मेथडिस्ट हा देशातला सर्वात मोठा प्रोटेस्टंट पंथ झाला होता.

आज विसरली जाणारी गोष्ट म्हणजे धर्म आणि सरकार वेगळं ठेवा ही मागणी बॅप्टिस्टांची होती. सरकारी चर्चचा काच त्यांनी भोगला होता. व्हर्जिनियात त्यांचे प्रवचनकार तुरुंगात गेले होते. राष्ट्राध्यक्ष जेफरसनने चर्च आणि राज्य यांच्यामधल्या भिंतीचं ते प्रसिद्ध वाक्य लिहिलं ते १ जानेवारी १८०२ रोजी, कनेक्टिकटमधल्या डॅनबरीच्या बॅप्टिस्टांना उत्तर देताना. त्याच दिवशी जॉन लेलँड नावाच्या बॅप्टिस्ट प्रवचनकाराने त्याला पाचशे किलोंहून जड चीजचा एक गोळा भेट दिला. आजच्या बातम्या वाचून ज्यांना वाटतं की इव्हँजेलिकल म्हणजे शाळेत सरकारी प्रार्थना हवी असणारा, त्यांनी हे चीज लक्षात ठेवावं.

प्रवचनांच्या आणि 'नव्या जन्मा'च्या याच लाटेतून १८१० साली परदेशी मिशनं पाठवणारं अमेरिकन बोर्ड निघालं आणि तिथून थेट आपल्याकडे वाट येते. त्याचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल न्यूएल १८१३-१४ मध्ये मुंबईत उतरले आणि त्यांच्या कामातून अमेरिकन मराठी मिशन उभं राहिलं. सिंथिया फरार १८२७ साली आल्या. त्यांची नगरची मुलींची शाळा जोतीराव फुल्यांनी पाहिली होती. १८४२ मध्ये नगरहूनच 'ज्ञानोदय' सुरू झालं. तारण, साक्ष, उज्जीवन हे शब्द मराठी ख्रिस्ती बोलीत मुरले, त्यात या मंडळींचा हात मोठा. उज्जीवन म्हणजे ज्याला अमेरिकेत 'रिव्हायव्हल' म्हणतात ते. १९०५ साली पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये असं उज्जीवन झालं. तिथल्या मिनी एब्रम्स या अमेरिकन बाईंनी त्यावर पुस्तिका लिहिली, ती चिलीला पोहोचली आणि तिथल्या पेंटेकोस्टल (पवित्र आत्म्याच्या थेट अनुभवावर भर देणाऱ्या) चळवळीला त्यातून ठिणगी मिळाली. केडगावहून चिली! पण ते असो.

'कट्टर' हा शब्द का नको, तेही इतिहासच सांगतो. गुलामगिरीविरुद्ध उभे राहिलेल्यांत इव्हँजेलिकल आघाडीवर होते. उज्जीवनाच्या सभा घेणारा प्रवचनकार चार्ल्स फिनी याने गुलाम बाळगणाऱ्यांना प्रभुभोजन (चर्चमधला भाकर-द्राक्षरसाचा पवित्र विधी) नाकारलं. आणि गुलामगिरी राखणारेही इव्हँजेलिकलच होते. गुलाम बाळगणाऱ्याला मिशनरी नेमायचं की नाही या वादातून १८४५ मध्ये दक्षिणेकडच्या बॅप्टिस्टांनी वेगळी चूल मांडली, तीच आजची सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन. त्याबद्दल जाहीर माफी मागायला १९९५ साल उजाडलं. ज्यांना गुलाम केलं होतं त्यांनीही हाच 'नवा जन्म' स्वीकारला आणि आपली चर्च उभारली. रिचर्ड ॲलन यांची आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल चर्च १८१६ ची. एकाच श्रद्धेतून इतक्या उलटसुलट भूमिका निघत असतील, तर सगळ्यांना एकच 'कट्टर' शिक्का कसा मारणार?

'मूलतत्त्ववादी' हा मुळात याच लोकांमधल्या एका गटाचा शब्द. १९१० ते १९१५ दरम्यान ख्रिस्ती श्रद्धेची 'मूलतत्त्वं' सांगणाऱ्या पुस्तिकांचे बारा खंड निघाले. १९२० मध्ये एका बॅप्टिस्ट संपादकाने 'फंडामेंटलिस्ट' हा शब्द घडवला, तोही अभिमानाने. १९२५ साली टेनेसीतल्या डेटन गावी शाळेत उत्क्रांती शिकवल्याबद्दल जॉन स्कोप्सवर खटला चालला आणि वर्तमानपत्रांनी या लोकांची यथेच्छ टिंगल केली, तेव्हापासून शब्द शिवीसारखा झाला. पुढे मवाळ मंडळींनी वेगळं दिसण्यासाठी मुद्दाम 'इव्हँजेलिकल' हे जुनं नाव पुन्हा पुढे आणलं. १९४२ मध्ये त्यांची राष्ट्रीय संघटना झाली, आणि १९४९ च्या लॉस एंजेलिसच्या सभांनंतर बिली ग्रॅहम हा तिचा चेहरा झाला. तेव्हा इव्हँजेलिकलला मूलतत्त्ववादी म्हणणं म्हणजे ज्या नावापासून पळायला त्याने हे नाव घेतलं, तेच पुन्हा त्याच्या गळ्यात बांधणं.

आता बातम्यांतला अर्थ. बॅप्टिस्ट पाद्री जेरी फॉलवेल यांची 'मॉरल मेजॉरिटी' ही राजकीय संघटना १९७९ ची. तेव्हापासून शब्दाला रिपब्लिकन रंग चढत गेला. प्यू या संस्थेच्या २०२३-२४ च्या पाहणीत सुमारे २३ टक्के अमेरिकन प्रौढ इव्हँजेलिकल प्रोटेस्टंट गटात मोडतात. कृष्णवर्णीयांची परंपरागत प्रोटेस्टंट चर्च मात्र वेगळ्या रकान्यात मोजली जातात, श्रद्धा पुष्कळशी तीच असूनही. २०१६ मध्ये सुमारे ८० टक्क्यांनी ट्रम्पना मत दिलं असं जे सांगतात, ते फक्त गोऱ्या इव्हँजेलिकलांविषयी आहे. मराठी बातमीतून 'गोरे' हे विशेषण हमखास गळतं, आणि अनुवादाच्या सगळ्या चुकांत ही मला सर्वात मोठी वाटते.

थोडक्यात वापर असा ठेवावा: माणूस प्रवचनकार असेल तर सुवार्तिक. गट असेल तर इव्हँजेलिकल, आणि पहिल्यांदा येईल तिथे 'नव्या जन्माचा अनुभव मानणारे प्रोटेस्टंट' एवढं स्पष्टीकरण. आकडेवारी गोऱ्यांची असेल तर तसं लिहावं. लेखनाचं म्हणाल तर 'बँक' लिहितो तसं 'इव्हँजेलिकल' पुरे. 'इव्हॅन्जेलिकल'ही चालेल, 'इवान्जेलिकल' मात्र हिंदीतून आलेलं आहे.