डाएट एक दिवस चुकलं की सगळंच सोडून देतो. हे कसं थांबवायचं?

तुम्ही लिहिलंय, "मंगळवारी भाचीच्या साखरपुड्यात गुलाबजाम खाल्ले, तेव्हापासून जिमलाही गेलो नाही. आता १ तारखेपासून नव्याने सुरू करावं म्हणतो." गुलाबजामचा आणि जिमचा काय संबंध, असं बाहेरच्याला वाटेल. मला अजिबात वाटलं नाही. मी स्वतः या शाळेत बरीच वर्षं काढली आहेत.

मी आहारतज्ज्ञ नाही, हिशेबनीस आहे. नाशिकला एका कारखान्याच्या अकाउंट्स विभागात काम करते. ट्रायल बॅलन्स दोन रुपयांनी जुळत नसेल तर रात्री आठपर्यंत व्हाउचर उपसत बसणारी मी. आणि त्यात काही चूक आहे असं मला आजही वाटत नाही. ते दोन रुपये पुष्कळदा दोन मोठ्या चुकांनी एकमेकींना झाकल्यावर उरलेलं शेपूट असतं, ओढलं की सगळं बाहेर येतं. माझ्या नोकरीत या स्वभावाचं कौतुकच झालं. ताटापाशी मात्र याच स्वभावाने माझी वाट लावली.

चार वर्षांपूर्वी तपासणीत माझं एचबीएवनसी, म्हणजे रक्तातल्या साखरेची एक चाचणी, ६.१ निघालं. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. डॉक्टर एवढंच म्हणाले, भात-पोळी थोडी कमी करा, भाज्या-उसळी वाढवा, रोज चाला, तीन महिन्यांनी भेटू. दोन मिनिटांचं काम. मी घरी येताना दोनशे पानी वही, हिरवं पेन आणि लाल पेन घेऊन आले.

वहीत सात रकाने आखले. पहाटे पाचला उठणे. १०,००० पावलं. बारा सूर्यनमस्कार. साखर बंद. भात बंद. गव्हाऐवजी ज्वारीची भाकरी. रात्री साडेसातनंतर फक्त पाणी. पाळलं तर हिरवी खूण, नाही तर लाल फुली. अकरा दिवस पान कसं हिरवंगार! मी ते नवऱ्याला दाखवायचे, तो "छान" म्हणायचा आणि वरणभात कालवायचा.

बाराव्या दिवशी, बुधवारी, स्टोअर्समधले एक काका मुलीच्या बारावीच्या निकालाचे पेढे घेऊन आले. "ताई, एक तरी घ्याच." नाही कसं म्हणणार? मी अर्धा तोडून तोंडात टाकला. उरलेला अर्धा टेबलावर, जुन्या चलानाच्या मागच्या कोऱ्या बाजूला ठेवला. कागदाला त्याचं तूप लागून एक गोल पारदर्शक डाग पडला आणि खालचे आकडे उलटे दिसायला लागले. त्या अर्ध्या पेढ्याकडे बघत मी डोक्यात हिशेब मांडत होते: लाल फुली अर्धी काढता येते का? नाही येत. मग अर्धा पेढा खाल्ला काय नि पूर्ण खाल्ला काय. पूर्ण खाल्ला. मग डबा फिरत परत आला तेव्हा अजून दोन. संध्याकाळी घरी जाताना वडापाव, रात्री भात दोनदा. गुरुवारी पहाटे गजर बंद केला, कारण पान तर खराब झालंच होतं. सोमवारपासून नवं पान.

बुधवार ते रविवार, पाच दिवस. "आता काय, सोमवारपासून बंदच आहे" म्हणत त्या पाच दिवसांत मी जे खाल्लं ते एरवी पंधरवड्यात खात नाही. पुढे ती वही चाळली तेव्हा वरच्या कोपऱ्यात "नवीन सुरुवात" लिहिलेले तेरा सोमवार सापडले. तीन महिन्यांनी अहवाल आला ६.२.

हे असं का होतं यावर मी खूप डोकं खाजवलं, आणि उत्तर घरातच मिळालं. सासूबाईंची संकष्टी होती. त्यांच्याकडे बघताना मला लहानपणीचं आठवलं: एकादशीला सकाळी विसरून मी पोळीचा तुकडा तोंडात टाकला होता आणि आई सहज म्हणाली होती, "मोडला ना आता, मग जेव नीट." उपास आपल्याकडे मोडतो. जरासा, पाव हिस्सा असा मोडत नाही. एक कण गेला की गेला, आणि मग पोटभर जेवायला मोकळीक. व्रतापुरतं ते ठीक आहे, कारण संकष्टीला रात्री चंद्रोदय असतो, सुटका ठरलेली असते. माझ्या सात रकान्यांना चंद्रोदयच नव्हता. ते मरेपर्यंत पाळायचे होते, तेही एकही कण न सांडता. मी जेवण बदलायला निघाले होते आणि नकळत व्रत धरून बसले होते. (एकादशी आणि दुप्पट खाशी हे उगाच एका दमात म्हणत नाहीत आपल्याकडे.)

पुढे वाचनात आलं की मानसशास्त्रात याला चक्क "व्हॉट द हेल इफेक्ट" म्हणतात, म्हणजे आपल्या भाषेत "गेलं खड्ड्यात". १९७५ मध्ये पीटर हर्मन आणि त्यांच्या सहकाऱ्याने एक प्रयोग केला. काही बायकांना आधी मिल्कशेक प्यायला दिलं, मग चव सांगण्याच्या निमित्ताने आईस्क्रीम पुढे ठेवलं, हवं तितकं खा. एरवी खाण्यावर फारसा लगाम न ठेवणाऱ्यांनी मिल्कशेकनंतर साहजिकच कमी आईस्क्रीम खाल्लं. सतत मोजूनमापून खाणाऱ्यांनी मात्र मिल्कशेकनंतर उलट जास्त खाल्लं. पोट भरलेलं असूनही! त्यांचा दिवस आधीच "मोडला" होता ना. मला ते वाचून तो चलानावरचा तुपाचा डाग आठवला.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे, थांबवायचं कसं.

"स्वतःवर प्रेम करा, चुका माफ करा" हे मला जमलं नाही. माझा स्वभाव हिशेबाचा, तेव्हा उपायही हिशेबातच शोधावा लागला. दोन गोष्टी लक्षात आल्या. एक, एचबीएवनसी एका दिवसाचं व्हाउचर बघतच नाही. ते साधारण मागच्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगतं, म्हणजे तिमाही ताळेबंद. त्यात एका पेढ्याची नोंद शोधून सापडणार नाही, पण "सोमवारपासून"चे पाच-पाच दिवस लगेच दिसतात. दुसरी गोष्ट, कोणत्याही प्रामाणिक ताळेबंदात बुडीत येण्यांची तरतूद असते. उधारीवर माल दिला की काही पैसे बुडणार हे आधीच धरलेलं असतं, म्हणून पैसे बुडाले की कोणी कंपनी बंद करत नाही. माझ्या वहीत चुकण्याची तरतूद शून्य होती. असा हिशेब ऑफिसात कोणी आणून दिला असता तर मीच परत पाठवला असता.

मग सात रकान्यांचे दोन केले आणि दिवसाऐवजी आठवडा धरला. पहिला रकाना जेवणांचा. दुपारची आणि रात्रीची मिळून आठवड्याची चौदा जेवणं. त्यातल्या नऊ जेवणांत निम्मं ताट भाजी, उसळ, कोशिंबीर यांचं असलं की आठवडा पास. उरलेली पाच ही तरतूद: लग्न, पेढे, पाहुणे, कंटाळा, काहीही. त्या पाचांसाठी कारण लिहायचं नाही, वाईट वाटून घ्यायचं नाही. पहिल्या आठवड्यात सात झाली आणि माझी बोटं लाल पेनाकडे वळली, पण त्या वहीत मी लाल पेन ठेवलंच नव्हतं.

दुसरा रकाना चालण्याच्या मिनिटांचा, आठवड्याला १५०. आधी माझा नियम होता की कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर, बूट घालून, सलग पंचेचाळीस मिनिटं, तरच ते चालणं. पावसाळ्यात चिखल झाला की आठवडा शून्य. वास्तविक जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये "एका वेळी किमान दहा मिनिटं" ही जुनी अटसुद्धा काढून टाकली आहे, थोडं थोडं केलेलंही मोजलं जातं. आणि ज्या १०,००० पावलांपायी मी रात्री अकराला हॉलमध्ये येरझाऱ्या घालायचे, तो आकडा कुठून आला माहितीये? १९६५ मध्ये जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विक्रीला आलं, त्याच्या नावाचाच अर्थ "दहा हजार पावलं मोजणारं". एका जाहिरातीसाठी मी सोसायटीच्या खालच्या मजल्याची झोप मोडली होती! आता डबा खाल्ल्यावर कारखान्याच्या पार्किंगमध्ये बारा मिनिटं चालते, चपला घालून. तीही लिहिते.

भाकरीचं थोडक्यात सांगते: मला थापता येत नाही. सासूबाई करत तेव्हा खायचे, त्या गावी गेल्या की "आता भाकरी नाही तर काय" म्हणून सगळंच सुटायचं. पोळीवर परत आले, तीनाच्या दोन केल्या, उसळीची वाटी आधी संपवते. झालं.

जे जमलं नाही तेही सांगते. मैत्रिणीने "चीट डे" सुचवला. रविवार सूट. माझ्यासारखीने तोही इतका काटेकोर पाळला की भूक नसताना जिलबी आणायची, कारण बारा वाजले की मुदत संपणार. कॅलरी मोजायचं ॲपही आठवड्यात काढून टाकलं. त्यात "मिसळ, एक वाटी" असा पर्याय होता. नाशिकमध्ये मिसळ वाटीत कोण खातं? आणि रश्शाची दुसरी फेरी कुठे लिहायची?

सवय लागायला किती दिवस, असंही तुम्ही विचारलंय. ते २१ दिवसांचं डोक्यातून काढा. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर अभ्यास केला होता; त्यात मधला आकडा ६६ दिवस आला, पण माणसामाणसात फरक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त कामाची वाटली: मधे एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यात म्हणावा असा फरक पडला नाही.

एक गंभीर गोष्ट. खाल्ल्यावर भरपाई म्हणून दिवसच्या दिवस उपाशी राहणं, चोरून भरमसाट खाणं, मुद्दाम उलटी काढणं, यातलं काही होत असेल तर ते वहीचं काम नाही. मानसोपचारतज्ज्ञांना भेटा, टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. आणि मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना न विचारता जेवण गाळू नका.

माझा शेवटचा अहवाल ५.८. मला ५.६ हवा होता. तो पॉइंट दोनचा फरक अजून टोचतो, खोटं कशाला सांगू. मागच्या आठवड्यात जेवणं आठच झाली, चालणं १३०. पान उलटलं, नव्या पानावर "नवीन सुरुवात" मात्र लिहिलं नाही.

तुमचा प्रश्न २० तारखेचा आहे. साखरपुड्यात एक जेवण गेलं. १ तारखेपर्यंत थांबलात तर आजची रात्र धरून वीसहून जास्त जातील, आणि तीही त्या गुलाबजामच्या नावावर टाकाल. आज रात्री काय केलंय घरी?