लिस्बनात एकच दिवस, तोही सोमवार

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही देवगडच्या चौघी, शाळेपासूनच्या मैत्रिणी, साठीच्या आगेमागे. सप्टेंबरात स्पेन-पोर्तुगालच्या टूरला जातोय, त्यात लिस्बनात एक अख्खा दिवस मोकळा दिलाय, सोमवारचा. फिरणं आपलं नि जेवणही आपलं. दोघींचे गुडघे कुरकुरतात, एक पक्की शाकाहारी आहे, अंडंसुद्धा नाही. घरचे चिडवतात, पोर्तुगीजांचंच बघायचं तर रेवदंड्याला जा, एसटीने होतं. काय बघू नि काय सोडू? — चौघींपैकी एक, देवगड

उत्तर : आधी तो सोमवार बदलून मिळतो का बघा हो. टूरवाल्यांना आजच फोन करा, ग्रुपचा लिस्बन दर्शनाचा दिवस नि तुमचा मोकळा दिवस यांची अदलाबदल झाली तर उत्तम. कारण लिस्बनच्या बेलें भागातला जेरोनिमोस मठ सोमवारी बंद आणि तिथला नदीकाठचा बुरूजही बंद. हे मला कसं माहीत, तर आम्ही पाच जणी सोमवारीच जाऊन उभ्या राहिलो होतो, नवी कोरी बुटं घालून, बंद दारासमोर. आधी बघून घ्यायचं काम माझ्याकडे होतं त्यामुळे त्या दिवशी कॉफीचे पैसे मीच भरले.

पण बाहेरूनही ते बघण्यासारखं आहे बरं का. मठाच्या दक्षिणेच्या दाराजवळ जाऊन दगड नीट बघा, सगळीकडे दोरखंड कोरलेत, पीळ दिलेले, गाठी मारलेले. आमच्यातल्या एकीच्या माहेरी होड्या होत्या, ती हात लावून बघत बसली नि म्हणाली, अगं हा गाठी मारणारा दर्यावरचाच असणार. 1501 ला काम सुरू झालं आणि पैसा कुठला, तर आफ्रिका नि पूर्वेकडच्या मसाल्याच्या व्यापारावर जो 5 टक्के कर होता त्यातला. म्हणजे मिरी आपल्या किनाऱ्यावरची नि नक्षी त्यांच्या दारावर. वास्को द गामा आत चर्चमध्ये आहे, तो वारला कोचीला 1524 मध्ये, आधी तिथेच पुरला होता, हाडं मागाहून नेली. तेव्हा घरच्यांना सांगा की रेवदंड्याला (मी चौलचीच, सगळं लहानपण त्या तटाखाली गेलंय) पोर्तुगीज 1740 मध्ये सोडून गेले ती बाजू दिसते, दुसरी बाजू बघायला लिस्बनच गाठावं लागतं.

बेलेंला जायला काइश दु सोद्रे स्टेशनवरून लोकल आहे, दहा मिनिटांच्या आत पोचवते, पण सगळ्या गाड्या बेलेंला थांबत नाहीत तेवढं विचारून चढा. मठाशेजारी 1837 पासूनचं कस्टर्डच्या टार्टचं दुकान आहे, रांग बघून घाबरू नका, ती पार्सलची असते, आत निळ्यापांढऱ्या टाइल्सच्या खोल्यांमागून खोल्या आहेत तिथे टेबल मिळतं. गरम टार्टवर दालचिनी भुरभुरवून खायचं. शाकाहारी ताईंना मात्र चालणार नाही, सगळा अंड्याच्या बलकाचाच कारभार.

दुपारी आल्फामा, म्हणजे लिस्बनचा टेकडीवरचा जुना भाग. 1 नोव्हेंबर 1755 ला मोठा भूकंप झाला, सणाचा दिवस, चर्चमध्ये मेणबत्त्या लावलेल्या, त्यात आग लागली नि वर समुद्र आत आला, खालचं शहर गेलंच. म्हणून खालचे रस्ते आज पट्टीने आखल्यासारखे सरळ आहेत, नव्याने बांधलेले. आल्फामा बरंचसं वाचलं, त्यामुळे तिथल्या गल्ल्या अजून आपल्या पाखाडीसारख्या, दोन माणसं समोरासमोर आली तर एकीने दारात सरकायचं, वर दोरीवर कपडे वाळत, खाली कुणीतरी मांजराला शिव्या घालतंय. फरशी चुनखडीच्या गुळगुळीत तुकड्यांची, पाऊस पडला की शेवाळल्या चिऱ्यासारखी घसरते. चपला नकोत, ग्रिपवाले बूट हवेत.

गुडघ्यांसाठी एकच नियम, वर वाहनाने, खाली पायाने. 737 नंबरची बस फिगेरा चौकातून थेट आल्फामाच्या वरच्या किल्ल्याशी नेते. नाहीतर खालच्या बाजारपेठेतून रुआ दुश फान्केरुश नावाच्या रस्त्यावर एक फुकट लिफ्ट आहे, तिने एक टप्पा चढायचं, थोडं चालायचं नि दुसरी लिफ्ट एका सुपरमार्केटच्या इमारतीतून वर काढते, आम्हाला आधी वाटलं चुकीच्या दारात शिरलो. किल्ला सोमवारीही उघडा असतो, म्हणजे दिवस नाहीच बदलला तरी अर्धा वाचला. वरून तेजू नदी दिसते, नदी म्हणतात पण आपल्या डोळ्याला ती खाडीच.

आता जेवणाचं. बसलात की वेटर न मागता पाव, ऑलिव्ह, चीज आणून ठेवतो. ते पाहुणचार नव्हे, खाल्लंत तर बिलात येतं, नको असेल तर लगेच परत पाठवायचं, ते वाईट मानत नाहीत. आमच्या बिलात ते आलं तेव्हा एक मैत्रीण भडकली, मागितला कुणी होता पाव! वेटरला त्या सगळ्या मराठीतून एकच शब्द कळला आणि तो बिचारा अजून एक टोपली घेऊन आला. त्यांचा उच्चार थोडा नाकातला, पण शब्द तोच ना. मग आम्हाला चाळाच लागला, मेनूकार्डावर बटाटा दिसला, फळवाल्याकडे अननस, हॉटेलच्या काउंटरवर चावी, बाथरूममध्ये साबण. चारशे वर्षं आपण त्यांचं उसनं वापरतोय नि त्यांना पत्ता नाही.

शाकाहारी ताईंनी हिरव्या पालेभाजी-बटाट्याच्या सूपला भुलू नये, त्यात सॉसेजची चकती टाकतात. मार्तिम मोनिझ चौकाच्या आजूबाजूला भारतीय, बांगलादेशी, नेपाळी खानावळी आहेत, तिथे डाळभात निघतो.

प्रश्न : लिस्बनची पिवळी ट्राम 28 मध्ये बसावंच का? पाकीटमार फार असतात म्हणे. — एक वाचक, गुहागर

उत्तर : असतात. आणि दुपारी ट्राम अशी भरते की आपली संध्याकाळची शेवटची एसटी बरी. सकाळी लवकर मार्तिम मोनिझला म्हणजे सुरुवातीलाच चढा, बसायला मिळेल, पर्स पोटाशी. जमलं नाही तर रडू नका, वळणावर उभं राहून फोटो काढा, ट्राम घराच्या भिंतीला घासून जातेय असं वाटतं ते बाहेरूनच जास्त छान दिसतं.

प्रश्न : मासे काय मिळतात तिथे? आम्हाला रोज लागतात. — एक वाचक, मालवण

उत्तर : काळजी नको. सार्डिन म्हणजे आपली तारलीच समजा, मीठ लावून कोळशावर भाजतात, मसाला शून्य, पहिल्या घासाला फिकी लागेल पण दुसरी मागवाल. जूनमध्ये सांत आंतोनियोच्या सणाला तर आख्ख्या आल्फामात धूर असतो. आणि बाकल्याव, म्हणजे खारवून सुकवलेला कॉड, हा मासा त्यांच्या समुद्रातला नाहीच, नॉर्वेकडून येतो, तरी त्याच्याशिवाय त्यांचं पान हलत नाही. खालच्या बाजारपेठेत त्याची जुनी दुकानं आहेत, फळ्यांसारखे मासे एकावर एक रचलेले, नाक तुम्हाला बरोबर नेईल. आमची एकजण आत शिरली, खोल श्वास घेतला नि दुकानदाराला सरळ मराठीत विचारलं, जवळा आहे काय हो?