सरकारी रुग्णालयांतल्या नोंदी एकमेकांना दिसाव्यात, तर सुरुवात कुठून करावी?

तुम्ही विचारलंय की सरकारी निधीवर चालणाऱ्या रुग्णालयांसाठी एकच मोठा डेटाबेस उभारावा, की आहेत त्या प्रणाली एकमेकींना जोडाव्यात. माझं मत, जोडाव्यात. आणि तेही सगळं एकदम नको, डिस्चार्ज कार्डापासून सुरू करा.

अशा जोडणीच्या कामात मी बरीच वर्षं आहे. पहिल्या प्रकल्पात आम्ही कोणकोणते रकाने हवेत याच्या याद्या करण्यातच कित्येक महिने घालवले. शेवटी एका छोट्या केंद्रातल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "मोठ्या रुग्णालयातून पेशंट घरी आला की कुठल्या गोळ्या चालू ठेवल्या आणि कुठल्या बंद केल्या, एवढं मला त्याच दिवशी कळू द्या." ज्याची कुणीतरी रोज वाट बघतंय असा कागद तोच होता. डेन्मार्कमध्ये मेडकॉम या आरोग्यसेवेतल्या प्रणाली जोडणाऱ्या संस्थेनं १९९४ पासून असंच काम केलं: प्रिस्क्रिप्शन, लॅबचे रिपोर्ट, रेफरल यांचे साचे ठरवले आणि जुन्या-नव्या प्रणालींना ते बोलायला लावले. इंग्लंडनं २००२ मध्ये सरकारी आरोग्यसेवेच्या संगणकीकरणाचा एकच प्रचंड कार्यक्रम वरून लादला. २०११ मध्ये तो गुंडाळत असल्याचं सरकारला जाहीर करावं लागलं.

खरा घाम निघतो तो माणूस ओळखण्यात. आमच्याकडे एकदा एकाच नावाच्या, एकाच जन्मवर्षाच्या दोन बायकांच्या नोंदी सॉफ्टवेअरनं आपोआप एक केल्या. एकीची पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी दुसरीच्या नावावर दिसायला लागली. औषध देण्याआधी सिस्टरनी सहज विचारलं म्हणून कळलं. उलट झालं असतं, अ‍ॅलर्जी पुसली गेली असती, तर? ते आठवलं की अजूनही पोटात गोळा येतो. तेव्हापासून माझा आग्रह आहे: शंकास्पद जोड्या माणसानंच तपासायच्या, प्रत्येक नोंदीवर ती कुठल्या रुग्णालयातून आली ते राहिलं पाहिजे, आणि एक केलेल्या नोंदी पुन्हा वेगळ्या करता आल्या पाहिजेत. हे शेवटचं नंतर बसवता येत नाही, पहिल्या दिवसापासून लागतं.

देवाणघेवाणीसाठी एफएचआयआर हे आरोग्य-नोंदी पाठवण्याचं आंतरराष्ट्रीय मानक वापरा, त्यात फार विचार करण्यासारखं काही नाही. पण त्यानं फक्त नळ जोडला जातो, आतल्या आकड्यांचा अर्थ आपोआप जुळत नाही. मूत्रपिंडं कशी चालतात ते दाखवणाऱ्या क्रिएटिनिन या रक्ततपासणीचा आकडा एका लॅबकडून १ येतो, दुसरीकडून ८८. पहिला मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर, दुसरा मायक्रोमोल प्रति लिटर, आणि मूत्रपिंडं दोन्ही रुग्णांची सारखीच. एकक आणि तपासणीचा लॉइंक कोड (प्रत्येक तपासणीला जगभर दिलेला ठरावीक क्रमांक) नसलेला रिपोर्ट स्वीकारूच नका.

गोपनीयतेबाबत एस्टोनियाकडे बघा. तिथे २००८ पासून देशभर ही व्यवस्था आहे आणि आपली नोंद कुणी उघडली हे रुग्णाला स्वतः बघता येतं. तुमच्याकडेही ही सोय पहिल्याच टप्प्यात ठेवा. बेशुद्ध रुग्णाची नोंद संमतीविना उघडावी लागेलच, पण उघडणाऱ्यानं कारण लिहिल्याशिवाय ती उघडू नये.

आणि निविदेत एक कलम घालायला विसरू नका: कंत्राट संपताना सगळा डेटा, कोडांसकट, वाचता येईल अशा स्वरूपात, वेगळे पैसे न घेता परत द्यायचा. कंत्राटावर सही झाल्यावर हे मागायला गेलात तर फार महागात पडतं.