खेड्यातल्या कापूस खरेदीच्या काट्याचं ब्लूटूथ पेअर होतं, पण कॉम्प्युटरवर वजन येत नाही. काय करू?

भाऊ, पेअर झालं म्हणजे जोडलं गेलं असं नाही. खरी जोडणी वजनाचं सॉफ्टवेअर कॉम पोर्ट, म्हणजे काट्याचा डेटा आत येण्याची वाट, उघडतं तेव्हा होते. विंडोजच्या 'मोर ब्लूटूथ सेटिंग्ज'मध्ये 'कॉम पोर्ट्स' टॅब बघा. तिथे एकाच काट्याचे बहुतेकदा दोन पोर्ट दिसतात, इनकमिंग आणि आउटगोइंग. सॉफ्टवेअरमध्ये आउटगोइंगचाच नंबर टाका. इनकमिंग निवडला तर पोर्ट उघडतो, एररही येत नाही, आणि वजनाचा चौकोन रिकामाच राहतो. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं.

आकड्यांऐवजी भलतीच चिन्हं येत असतील तर कॉम्प्युटरवरचा बॉड रेट (डेटा पाठवण्याचा वेग) बदलत बसू नका, त्याने सहसा फरक पडत नाही. काट्याचा इंडिकेटर (वजन दाखवणारा डबा) आणि त्याला जोडलेलं ब्लूटूथ मॉड्यूल या दोघांचा रेट जुळायला हवा. एचसी-०५ नावाचं ब्लूटूथ मॉड्यूल साधारणपणे ९६०० वर येतं, पेअरिंगचा पिन १२३४.

टॅबमध्ये पोर्टच दिसत नसेल तर मॉड्यूल बीएलई (कमी वीज खाणारं ब्लूटूथ) प्रकारचं असू शकतं. त्याला कॉम पोर्ट मिळत नाही.

आणि लाइन गेली-आली की सॉफ्टवेअरमध्ये पोर्ट बंद करून पुन्हा उघडा. हंगामात गाड्यांची रांग लागते, तेव्हा काटा कॉम्प्युटरला जोडायची केबलही हाताशी असू द्या. शेतकरी पहाटेपासून उभा असतो.