नर्सबाईंचे चरित्र लिहिताना

प्रश्न : माझी आई यंदा ८९ वर्षांची आहे. सहायक परिचारिका-प्रसाविकेचे प्रशिक्षण घेऊन तिने कोल्हापूर जिल्ह्यातील गगनबावडा, राधानगरी आणि भुदरगड या तालुक्यांत सुमारे ३५ वर्षे नोकरी केली आणि १९९४ साली ती निवृत्त झाली. तिकडची माणसे आजही तिला ‘नर्सबाई’ म्हणूनच ओळखतात. बाजारात एखादी साठीची बाई तिला थांबवून सांगते, की माझा जन्म तुमच्या हातचा. आम्हा भावंडांना तिचे छोटेसे चरित्र घरच्यांसाठी छापावयाचे आहे; पण विषय काढला, की “मी काय जगावेगळं केलं? नोकरी केली,” एवढे बोलून ती गप्प होते. दुसरी अडचण माझी स्वतःची आहे. आमच्या लहानपणी ती रात्री-अपरात्री बाळंतपणाला जाई आणि आम्ही शेजारच्या काकूंकडे झोपत असू. मला गोवर निघाला होता, त्या रात्रीही ती दुसऱ्या गावी होती. हे पुस्तकात लिहावे की नाही, यावर आम्हा भावंडांचे एकमत होत नाही. सुरुवात कशी करावी, तारखा कोठे पडताळाव्यात आणि काय गाळावे, याविषयी कृपया मार्गदर्शन करावे.
— एक वाचक भगिनी, शाहूपुरी, कोल्हापूर

उत्तर : ‘नोकरी केली’ हे आपल्या आईंचे उत्तर टाळाटाळीचे नाही. पुस्तकाचा विषयच त्यांनी आपल्या हाती दिला आहे, असे आम्हांला वाटते. आईवर लिहिलेली बहुतेक घरगुती पुस्तके त्याग, माया आणि कष्ट या शब्दांनी भरलेली असतात, आणि शेवटचे पान उलटले तरी त्या बाई दिवसभर नेमके काय करीत होत्या, हे वाचकाला कळत नाही. आपल्या आईंच्या बाबतीत तसे होऊ देऊ नये. कोल्हापूरला स्त्रियांच्या वैद्यकीय कामाची परंपरा जुनी आहे. आज सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय) म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, त्या वेळच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात काम केलेल्या डॉ. कृष्णाबाई केळवकर यांचे नाव शहराच्या इतिहासात आदराने घेतले जाते. परंतु स्वातंत्र्यानंतर वाड्या-वस्त्यांवर आणि धनगरवाड्यांवर पायी जाऊन ज्यांनी बाळंतपणे केली, त्या परिचारिकांचे काम महिनेवारी अहवालांतील आकड्यांपलीकडे क्वचितच कोठे नोंदले गेले आहे. म्हणून हे पुस्तक मुख्यतः कामाचे असावे, असे आमचे आग्रहाचे मत आहे.

त्यांना बोलते करावयाचे असेल, तर “तुला काय वाटायचं?” असे प्रश्न सुरुवातीला विचारू नयेत. वस्तूंविषयी विचारावे. बाळंतपणाच्या पिशवीत काय काय असे आणि ते कोणत्या क्रमाने भरलेले असे? काचेची सिरिंज आणि सुया स्टोव्हवर किती वेळ उकळत, आणि रॉकेल संपलेले असले तर काय करीत? गगनबावड्याच्या पावसात कपडे आणि कापूस कोरडा कसा ठेवीत? नदीला पाणी असताना पलीकडच्या वाडीवरून बोलावणे आले तर कोण सोबत येई आणि अडलेल्या बाळंतिणीला दवाखान्यापर्यंत आणावयाचे झाल्यास डोली करीत की बैलगाडी जुंपीत? त्यांच्या हातात जाड दोऱ्याचा एक तुकडा द्यावा आणि नाळ कशी बांधत, हे करून दाखवावयास सांगावे. बाळाच्या पोटापासून किती अंतरावर पहिली गाठ, किती अंतरावर दुसरी, मध्ये ब्लेड कोठे चालवावयाचे आणि कापल्यावर रक्त झिरपत नाही ना हे किती वेळ पाहावयाचे, हे सारे त्यांच्या हाताला अजून पाठ असेल. हात कामाला लागला, की कोणत्या घरी, कोणत्या रात्री हेही पाठोपाठ येते. मोबाइलवर आवाज मुद्रित करावा. मात्र या वयात अर्ध्या तासाहून अधिक वेळ बसवू नये आणि त्यांची वाक्ये उतरवून घेताना ती शुद्ध करण्याच्या फंदात पडू नये.

नाळेविषयी एवढ्या तपशिलाने लिहिण्याचे कारण आहे. विळ्याने किंवा मिळेल त्या पात्याने नाळ कापून तीवर राख अगर शेण लावण्याची रीत असलेल्या घरांत नवजात बालके धनुर्वाताने दगावत असत. १९७१ साली देशात जिवंत जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी १२९ बालके वर्षाच्या आत मरण पावत. २०२० साली हे प्रमाण २८ वर आले. भारतातून माता व नवजात बालकांच्या धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे २०१५ साली जाहीर झाले. गरोदरपणी टोचलेली लस, उकळलेले ब्लेड आणि स्वच्छ दोरा घेऊन दारोदार गेलेल्या स्त्रियांचा या घटीत मोठा वाटा आहे, आणि आपल्या आई त्यांपैकी एक आहेत.

गावच्या सुईणीविषयी अवश्य विचारावे. नव्याने आलेली, कदाचित लग्नही न झालेली नर्स आणि पिढ्यान्‌पिढ्या बाळंतपणे करणारी सुईण यांच्यात आरंभी चुरस असणे स्वाभाविक होते. पुढे सरकारने सुईणींनाही प्रशिक्षण दिले आणि अनेक ठिकाणी दोघींनी मिळून काम केले. आपल्या आईंनी त्या सुईणीकडून काय शिकून घेतले, हा प्रश्न विचारलात तर एक चांगले प्रकरण हाती लागेल, असे आम्हांला खात्रीने वाटते.

आता तारखा. सर्वांत आधी सेवापुस्तकाची प्रत आणि निवृत्तिवेतनाचा आदेश शोधावा. नेमणुका, बदल्या आणि रजा त्यांत असतात. महाराष्ट्रात जिल्हा परिषदा १ मे १९६२ रोजी अस्तित्वात आल्या, त्यामुळे त्याआधीच्या तीन-चार वर्षांची नोंद वेगळ्या आस्थापनेच्या नावाने असण्याचा संभव आहे, हे ध्यानात ठेवावे. घरी प्रत नसेल तर जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाकडे रीतसर अर्ज करावा. वर्तमानपत्रांचे जुने अंक पाहावयाचे असल्यास १८५० सालापासून चालत आलेल्या करवीर नगर वाचन मंदिरात चौकशी करावी.

कागद तोकडे पडतील तेथे ‘त्याच्या आधी की नंतर’ असे विचारावे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा कोयनेचा भूकंप आपल्या भागातील त्या पिढीचे कोणीही विसरलेले नाही. १९७२ चा दुष्काळही तसाच. देवीच्या लसीची आठवण तर फार उपयोगी पडेल. दोन टोकांच्या सुईने एकाच जागी भराभर १५ टोचे देण्याची पद्धत १९७० च्या सुमारास रुळली, त्याआधीचे साधन वेगळे होते. म्हणून गावोगाव फिरणाऱ्या ‘देवी डॉक्टरां’च्या हातात काय असे, हे सांगितले की काळाचा अंदाज येतो. भारतातील देवीचा शेवटचा रुग्ण मे १९७५ मधला. गोवर आणि पोलिओसह सहा रोगांच्या लसी सर्व बालकांना देण्याचा सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम १९८५ साली सुरू झाला, तेव्हापासूनच्या हकिगतींत बर्फाची पेटी वारंवार येईल. पल्स पोलिओची देशव्यापी मोहीम मात्र १९९५ ची, म्हणजे आपल्या आईंच्या निवृत्तीनंतरची आहे. त्या मोहिमेविषयी त्या बोलल्या, तर निवृत्तीनंतरही त्या बूथवर जात होत्या काय, हे विचारून घ्यावे.

१९७५ ते १९७७ या आणीबाणीच्या वर्षांविषयी त्या सहज बोलणार नाहीत. कुटुंबनियोजनाच्या ‘केसेस’चे उद्दिष्ट नर्सच्या डोक्यावर असे आणि ते पुरे न झाल्यास पगार अडेल, अशी धास्ती असे. १९७६-७७ या एका वर्षात देशभरात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. ज्या घरांत विश्वासाने बाळंतपणे केली, त्याच घरांत वरून आलेला आकडा भरण्यासाठी जावे लागणे ही त्या कामातली सर्वांत कठीण गोष्ट असावी. एकदा विचारावे, त्यांनी सांगितले तर सौम्य न करता लिहावे, आणि नाही सांगितले तर पुन्हा विचारू नये.

काय गाळावे, याचे आमचे उत्तर स्पष्ट आहे. रुग्णांविषयीची माहिती ही आपल्या आईंचीही नव्हे, मग ती आपली कोठून असणार? कोणाला लग्नाआधी दिवस गेले, कोणी गर्भपात करून घेतला, कोणाच्या घरी कितव्या मुलीनंतर काय घडले, हे एका नर्सला ठाऊक असते आणि तिने ते पोटात ठेवलेले असते म्हणूनच लोक तिला दार उघडतात. पाचशे उंबऱ्यांच्या गावात नाव वगळून काहीही साधत नाही. गाव, साल आणि आडनाव सांगितले की ओळख पटतेच. अशा हकिगती गावाचे नाव काढून लिहाव्यात असा सल्ला काही जण देतील, पण आमच्या मते त्या मुळीच छापू नयेत. आनंदाने स्वतःचे नाव सांगणाऱ्या, त्या बाजारातल्या बाईंसारख्या व्यक्तींची संमती घेऊन त्यांच्या आठवणी घ्याव्यात. त्या पुरेशा आहेत.

राहिला आपला गोवर. तो लिहावा, असे आम्ही निःसंकोचपणे सांगतो, परंतु आईंच्या तोंडी घालू नये. आपल्या नावाने एक वेगळे प्रकरण लिहावे आणि त्यात काकूंचे अंथरूण, अंगावरचे पुरळ, पहाटे वाजलेली कडी, जे काही आठवत असेल ते एका मुलीच्या नजरेने मांडावे. त्या रात्री पलीकडच्या गावी कोणाचे तरी बाळ जन्मले असेल, हे खरे आहे. पण त्यामुळे तापलेल्या मुलीचा एकटेपणा खोटा ठरत नाही, आणि एकाने दुसऱ्याची भरपाई करण्याची गरज नाही. आपल्या भावंडांना ते वेगळे आठवत असेल, तर त्यांनीही आपापले लिहावे. ८९ वर्षांच्या आईकडून मात्र त्या रात्रीचा खुलासा मागू नये. काकूंसाठी दोन पाने अवश्य ठेवावीत; त्यांच्या घरचे दार उघडे होते म्हणून आपल्या आईंना रात्रीचे बाहेर पडता आले. आईंच्या पगारावर घरातले काय काय चालले, कोणाचे शिक्षण झाले, हेही नमूद करावे, कारण त्या काळी महिन्याच्या महिन्याला घरात पगार आणणारी बाई खेड्यात विरळाच होती.

मजकूर पुरा झाल्यावर तो त्यांना थोडा थोडा वाचून दाखवावा. सालाविषयी शंका उरली असेल तेथे ‘सुमारे’ लिहावे. त्यांनी एखादा परिच्छेद खोडावयास सांगितला, तर कारण न विचारता खोडावा, आणि त्यानंतरच प्रत छापखान्यात द्यावी.