वाचकांचे प्रश्न : मंगल कार्यालयासाठी गोल्फ कार्ट

प्रश्न : खानापूर रस्त्यावर आमचे मंगल कार्यालय आहे. गाड्या लावण्याच्या जागेपासून सभागृहापर्यंतचा चढ वयस्कर पाहुण्यांना चढवत नाही, म्हणून चार आसनी गोल्फ कार्ट घेण्याचा विचार आहे. नवीन बॅटरीवरील गाडीचे कोटेशन ४ लाख ८० हजारांचे आले आहे, तर गोव्यातील एका हॉटेलची सहा वर्षे वापरलेली गाडी १ लाख ९० हजारांना मिळते आहे. कोणती घ्यावी?
– एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : आपण दोन गाड्यांच्या किमतींची तुलना केली आहे, परंतु खरी तुलना बॅटऱ्यांची करावयास हवी. ४८ व्होल्टच्या कार्टमध्ये बहुधा आठ व्होल्टच्या सहा किंवा सहा व्होल्टच्या आठ लेड-ॲसिड बॅटऱ्या असतात आणि उत्तम निगा राखली तरी त्या साधारण चार ते सहा वर्षेच टिकतात. गोव्याच्या गाडीतील बॅटऱ्या मूळच्याच असतील, तर त्यांचे मोल शून्य धरूनच सौदा करावा. नव्या संचाला लाखाच्या आसपास खर्च येतो. शिवाय विजेवरील नवी गाडी घेताना ५ टक्के जीएसटी लागतो, पण बॅटऱ्या वेगळ्या घेतल्यास कराचा दर त्याहून बराच अधिक असतो. ट्रकभाडे, टायर आणि ब्रेकची दुरुस्ती धरली की स्वस्त वाटणारी गाडी सव्वातीन लाखांच्या घरात जाते. नव्या गाडीच्या कोटेशनमध्ये जीएसटी, वाहतूक आणि चार्जर धरले आहेत का, हेही लेखी विचारून घ्यावे. कर धरला नसेल, तर केवळ करानेच ती रक्कम ५ लाख ४ हजार होते.

जुनी गाडी पाहताना रंगावर जाऊ नये. आसन उचलून बॅटऱ्यांवरील उत्पादनाची तारीख वाचावी, टर्मिनलवर पांढरट-हिरवट थर साचला आहे का ते पाहावे, आणि पूर्ण चार्जनंतर प्रत्येक कप्प्यातील ॲसिडची घनता हायड्रोमीटरने तपासावी, ती १.२६५ च्या आसपास असावी आणि एखादाच कप्पा फार मागे पडत असेल तर ती बॅटरी गेलीच म्हणून समजावे. समुद्रकाठची गाडी असल्याने खालची चौकट पोलादी आहे की ॲल्युमिनियमची, हे आडवे होऊन पाहिल्याशिवाय विसार देऊ नये. मग चार माणसे बसवून चढावर चालवून पाहावी.

विजेच्या खर्चाची चिंता नको. १५० अँपिअर-अवरचा ४८ व्होल्टचा संच पूर्ण भरायला, चार्जरमध्ये वाया जाणारी वीज धरून, आठ-नऊ युनिटे लागतात. खरा धोका आपल्या व्यवसायात आहे तो चातुर्मासाचा. मुहूर्त नसल्याने गाडी महिनोन्‌महिने शेडमध्ये उभी राहते, बॅटऱ्या आपोआप उतरत जातात, आतील पट्ट्यांवर सल्फेटचा कठीण थर बसतो आणि तुळशीच्या लग्नानंतर गाडी हलत नाही. त्या काळात दर महिन्याला चार्जिंग करावे आणि पाण्याची पातळी पाहून डिस्टिल्ड वॉटरच घालावे. बोअरचे पाणी घालणारे महाभाग आपल्या भागात कमी नाहीत. हे काम नेमून देण्याजोगा माणूस नसेल, तर लिथियम बॅटरीचा जादा खर्च करावा, कारण तिला पाणी लागत नाही आणि ती उभ्या उभ्या फारशी उतरत नाही. मात्र जुन्या गाडीत लिथियम बसवायची झाल्यास चार्जरही बदलावा लागतो.

माझे मत असे की, लग्नाच्या दिवसांपुरता वापर असेल आणि चौकट गंजलेली नसेल, तर जुनी गाडी नव्या बॅटऱ्यांसह घेणे किफायतशीर ठरेल. पण बॅटऱ्यांचा खर्च वेगळा धरून गाडीला दीड लाखापेक्षा अधिक देऊ नये.

प्रश्न : आमच्या संस्थेच्या दोन इमारतींमधून सार्वजनिक रस्ता जातो. तो ओलांडण्यासाठी कार्ट चालवता येईल का?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : नोंदणी नसलेली कार्ट रस्त्यावर आणू नये. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या व्याख्येतून केवळ कारखाना किंवा बंदिस्त आवारातच वापरण्यासाठी बनवलेली खास वाहने वगळली आहेत; आवाराबाहेर चाक पडले की ही सवलत उरत नाही. विक्रेत्याने तोंडी हमी दिली, तरी वाहन रस्त्यासाठी मंजूर झाल्याचे प्रमाणपत्र मागावे आणि ते नसेल तर दोन्ही बाजूंना स्वतंत्र कार्ट ठेवण्याचा किंवा पाहुण्यांना रस्ता पायी ओलांडू देण्याचा खर्च-विचार करावा. आवारातल्या आवारात चालणाऱ्या कार्टसाठीही अपघाताच्या जबाबदारीचा विमा संस्थेने घ्यावा.